हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली. आता ती मार खाऊन परत आली तर?

रानजाई:
गेल्या महिन्यात माझी मावसबहीण रात्री अकराला माहेरी आली. कडेवर मुलगी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला, कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा. भावाने अंथरूण घातलं, वहिनीने शेकायला गरम पाणी दिलं. सकाळी मात्र मावशीनेच जावयाला फोन लावला. तो आला, चहा झाला, 'पुन्हा होणार नाही' म्हणाला आणि दुपारच्या एसटीने ती परत गेली. दोन दिवस राहा, असं कुणाच्याही तोंडून निघालं नाही.

तिने तीन वर्षांपूर्वी याच घराचा आणि शेताचा हक्क सोडला होता. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर भावाने साडी दिली, सगळ्यांनी तिला गुणाची म्हटलं. हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. तो मागणारी बहीण मात्र अजून गावभर वाईट ठरते.

नवऱ्याबद्दल आपण सगळेच तावातावाने बोलतो. पण तिला त्याच्याकडे परत पाठवणारं घर आपलं असतं. हक्क सोडलेली मुलगी माहेरी पाहुणी म्हणून येते, म्हणून तिला परत जावं लागतं. मला वाटतं, ही हक्कसोड घेणं बंद झालं पाहिजे.

बांधावरचा:
ताई, मारणं आणि जमीन या दोन गोष्टी एकत्र करू नका. आम्हाला साडेतीन एकर. तीन बहिणी. सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर, आईचं डायलिसिस मी करतो. चार तुकडे केले तर कोणाच्याच हाती काही लागत नाही. बहिणींनी राजीखुशीने सह्या केल्या, कोणी हात धरला नव्हता. धाकटीच्या घरी थोडीफार कटकट आहे, पण तिला जमीन देऊन तो नवरा सुधारणार आहे का? उलट तीच विकून आण म्हणून आणखी छळेल.

रानजाई:
दादा, तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण 'राजीखुशी' म्हणजे काय ते सांगा. नाही म्हणाली असती तर भाऊबीजेला बोलावणं आलं असतं का? तिला हे माहीत होतं, म्हणून हात धरावा लागला नाही. आणि 'थोडीफार कटकट' हा शब्द मावशीनेही वापरला होता.

पाटावरवंटा:
मी दुसरी बाजू सांगतो. माझ्या वहिनीने तक्रार केली तेव्हा फिर्यादीत माझ्या सत्तर वर्षांच्या आईचं नाव होतं. आई त्या दोघांबरोबर राहतही नव्हती. निर्दोष सुटायला सहा वर्षं लागली, आणि निकालाआधीच आई गेली. नवऱ्याकडून-सासरकडून होणाऱ्या छळाबद्दलच्या ४९८अ कलमाचा गैरवापर होतो, हे सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं आहे. २०१४ मध्ये सरसकट अटक करू नका असा आदेशच दिला. कायद्याने संसार जुळत नाहीत. मोठ्या माणसांनी समेट घडवायचा, हीच रीत बरी होती.

काळा कोट:
तुमच्या आईंच्या वाट्याला जे आलं ते वाईटच. त्याचं समर्थन मी वकील म्हणून करणार नाही.

पण दोन कायद्यांची गल्लत होते आहे. ४९८अ (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) फौजदारी आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वेगळा. त्यात बाई नवऱ्याला तुरुंगात घाला म्हणत नाही. मला मारू नये, घराबाहेर काढू नये, खर्च द्यावा, एवढंच मागते. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती तिथे राहण्याचा हक्क मागू शकते, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. आमच्या कोर्टात मी तसं एकदाही पाहिलेलं नाही.

म्हणून रानजाईंचं मला अर्धंच पटतं. सातबाऱ्यावरचं नाव त्या रात्री झोपायला जागा देत नाही. माझ्यासमोर बसलेल्या बायका कलमं विचारत नाहीत. त्या विचारतात, 'अर्ज केल्यावर आज रात्री मी कुठे जाऊ?' त्यांना लागते कडी लागणारी एक खोली आणि हातात चार पैसे.

एक विनंती सगळ्यांना: दवाखान्यात 'पायऱ्यांवरून पडले' असं लिहवू नका. मारलं असेल तर तसं सांगा, एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी दवाखान्याची नोंद, होऊ द्या. पुढे कोर्टात तो कागद बोलतो.

नाना:
मी आठ वर्षं गावाच्या तंटामुक्त समितीत होतो. भांड्याला भांडं लागतंच. कित्येक जोडपी आम्ही समजूत घालून नांदती केली. सगळ्यांना कोर्टाची वाट दाखवाल तर पोरं उघड्यावर पडतील. वकीलबाई, तुम्ही ती पोरं बघत नाही, आम्ही बघतो.

शेवंता:
नाना, अशाच एका बैठकीत माझ्या आईची समजूत घातली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची, दाराशी उभी होते. सहा पुरुष सतरंजीवर, आई उंबऱ्याबाहेर. वडिलांना कुणी विचारलं नाही का मारलंस. आईला विचारलं, तू उलट बोललीस का? तुमच्या हिशेबात माझे आईवडील नांदते झाले. पोरांचं म्हणता, तर मी आजही दार जोरात आपटलं की दचकते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ४५ टक्के बायकांनी काही ना काही कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य मानलं. पुरुषांत हेच प्रमाण ४४ टक्के. छळ झालेल्यांपैकी ७७ टक्के कुणाला काही बोलल्याच नाहीत. बोलून जिथे आईसारखं उंबऱ्याबाहेर बसवतात, तिथे कोण बोलेल?

नाना:
तेव्हा चुका झाल्या असतील. तरी समेट हाच पहिला प्रयत्न असावा, यावर मी ठाम आहे.

काळा कोट:
नाना, समेट करा, पण तिला सुरक्षित जागी ठेवून. ज्या घरात मार बसला तिथेच परत धाडून तिला मोकळेपणी बोलता येत नाही.

बांधावरचा:
दोन दिवस वाचतोय. जमिनीचं मला अजून पटलेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण काल धाकटीच्या मुलाला फोनवर सहज विचारलं, तर तो म्हणाला, 'मामा, बाबा घरी असले की आम्ही बाथरूममध्ये बसतो.' मी कटकट म्हणत होतो ती ही.

घरामागे खताची पोती ठेवायची खोली आहे. ती रिकामी करतो, कडी आतून बसवतो. पण तिला कळवू कसं? तिचा फोन तोच उचलतो.

काळा कोट:
दादा, फोनवर खोलीचं काही बोलू नका. आईच्या आजारपणाचं निमित्त करून स्वतः घ्यायला जा. तिथे वाद घालू नका. तिचं आणि मुलाचं आधार, शाळेचे दाखले, बँकेचं पुस्तक, दवाखान्याचे कागद पिशवीत आले पाहिजेत. मुलाला मागे ठेवू नका. अडवलं तर ११२ ला फोन करा. ती घरी पोहोचली की १८१ या महिला हेल्पलाइनवर तिला स्वतःला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

बांधावरचा:
उद्या सकाळच्या गाडीने निघतो.