‘डिझाइन’ला एकच मराठी शब्द पुरेल का? (पुरस्कारांचे विभाग)

प्रश्न : पुरस्कारांच्या विभागांची यादी मराठीत करायची आहे : प्रॉडक्ट, पॅकेजिंग, इंटीरियर, ग्राफिक, कॉस्च्यूम, प्रॉडक्शन डिझाइन. सगळीकडे ‘संरचना’ चालेल का?

तिरफळ : नाही चालणार. ‘संरचना’ म्हटलं की सांगाडा डोळ्यांपुढे येतो. नाटक-सिनेमाचे शब्द तयार आहेत, ते तसेच घ्या : नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा याच नावांनी पारितोषिकं दिली जातात. मागे ‘संकल्पन’ (म्हणजे डिझाइन) जोडू नका. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ साली ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. ‘वेशभूषेचं ऑस्कर’ एवढं लिहिलं तरी त्यात सगळं आलं.

कोयंडा : खरी गफलत प्रॉडक्ट आणि प्रॉडक्शनमध्ये होते, दोन्हींना ‘उत्पादन’ लावलं जातं. प्रॉडक्टला ‘वस्तुसंकल्पन’ म्हणा. खुर्ची, मिक्सर, कुकरचं झाकण सगळं त्यात बसतं. ऑस्करच्या ‘आर्ट डायरेक्शन’चं नाव २०१२ मध्ये ‘प्रॉडक्शन डिझाइन’ झालं. आजही तो मान प्रॉडक्शन डिझायनर आणि सेट डेकोरेटर अशा दोघांना जातो. तिथे ‘कला दिग्दर्शन’ लिहिलं तर जुन्या विजेत्यांशी धागा जुळतो. पण आपल्याकडच्या श्रेयनामावलीत प्रॉडक्शन डिझायनर आणि कला दिग्दर्शक ही दोन वेगळी माणसं असू शकतात. तशी असतील तर सरळ ‘प्रॉडक्शन डिझाइन’ ठेवा.

गेरू : ‘संकल्पचित्र’ हा शब्दही कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. तो बांधकामवाल्यांचा आहे. सार्वजनिक बांधकाम विभागात ‘संकल्पचित्र मंडळ’ आहे, नाशिकला ‘मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना’ आहे. तिथे पूल नि धरणांची गणितं होतात. पोस्टरला तो शब्द लावला तर अभियंता हमखास फसेल.

आणि ‘नेपथ्य’ची एक गंमत : संस्कृतात तो शब्द पोशाखासाठी आणि पडद्यामागच्या जागेसाठी आहे. जुन्या संहितेतलं ‘नेपथ्ये’ म्हणजे पडद्याआडून. रंगमंचावरच्या सेटसाठी तो मराठीत रुळला, आता तोच अर्थ पक्का.

तिरफळ : इंटीरियरला ‘सजावट’ नको. पार्टिशन कुठे घ्यायचं, वायरिंग कुठून न्यायचं, फॉल्स सीलिंग किती खाली आणायचं, हे सजावटीत येत नाही. ‘अंतर्गत रचना’ बरं. पॅकेजिंगला ‘वेष्टन’ पुरतं. ग्राफिक मात्र ‘ग्राफिक डिझाइन’च राहू दे, छापखान्यापासून कॉलेजपर्यंत सगळे तेच म्हणतात.

प्रश्नकर्ता : मग ‘नक्षी’ किंवा ‘रूप’?

कोयंडा : कायद्याच्या मजकुरात जवळ जातं. डिझाइन्स कायदा, २००० मध्ये फक्त डोळ्यांना दिसणारं बघतात : आकार, नक्षी, रेषा-रंगांची मांडणी. वस्तू चालते कशी, हे त्यात धरत नाहीत. पुरस्काराचे परीक्षक मात्र हातात घेऊन वापर तपासतात, म्हणून तिथे ‘संकल्पन’च.

अजून एक. प्रत्येक विभागापुढे ‘सर्वोत्कृष्ट’ डकवू नका. ऑस्करला ते शोभतं. रेड डॉट या जर्मन डिझाइन पुरस्कारात एकाच विभागात कितीतरी वस्तूंना मान्यता मिळते, त्यातल्या वरच्यांना ‘बेस्ट ऑफ द बेस्ट’. तिथे ‘उत्कृष्ट’ लिहा, ‘सर्व’ गाळा.