दाइनचं नाव बी घ्या ना भाऊ

वरती एका भाऊनं लिहिलं का टॉल्किनच्या 'हॉबिट'च्या गोष्टीत बुटक्यांचा खरा राजा थोरिनच, त्याच्यामागून त्याचा भाऊबंद दाइन तर आयता गादीवर बसला. आयता नाही हो भाऊ. तिसऱ्या युगात २७९९ साली मोरियाच्या, म्हणजे बुटक्यांच्या हातून गेलेल्या जुन्या भुयारी राज्याच्या, फाटकापाशी त्यानं ऑर्क नावाच्या दुष्ट फौजेचा सरदार अझोगले मारलं तेव्हा तो ३२ वर्षांचा होता, म्हणजे बुटक्यांत पोरगंच, अन बाप त्याच लढाईत गेलेला. पण मले त्याचं मोठेपण त्याच्या पुढं दिसते, थोरिनचा बाप थ्राइन म्हणे चला आता आत घुसू, मोरिया आपली झाली, तर या पोरानं फाटकातून आत पाहून घेतलं होतं, ज्यानं बुटक्यांले तिथून हाकललं तो आगीचा राक्षस अजून तिथंच आहे म्हणून त्यानं जिंकल्यावरही सरळ नाही म्हटलं! आमच्या वणीकडं कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्याले विचारा, मागं फिरा म्हणणारा सरदार किती मोलाचा असते ते. मंग थोरिन मेल्यावर राजा झाला तवा खजिन्याचा १४वा हिस्सा माणसांचा सरदार बार्डले दिला, थोरिनचा शब्द पाळला. २५२ वर्षांचा म्हातारा होऊनही बार्डच्या नातवाच्या, ब्रँड राजाच्या, देहापाशी कुऱ्हाड घेऊन लढत मेला. थोरिन मलेही आवडते, पण माणसं कोणाच्या हाती द्यायची म्हटलं तर मी दाइनलेच निवडीन.