चर्चा: गावच्या चर्चमधील बातम्या मिस्सेच्या शेवटी वाचाव्यात की मोबाइलवर पाठवाव्यात?

पुढचा बाक

गावातील लहान धर्मग्रामांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक समुदायांमध्ये, मिस्सेच्या (कॅथलिक सामूहिक उपासनेच्या) शेवटी वाचल्या जाणाऱ्या सूचना बंद कराव्यात आणि सर्व बातम्या मोबाइलवरील गटात टाकाव्यात, असा विचार आता पुष्कळ ठिकाणी मांडला जातो. त्याने वेळ आणि कागद वाचतो, शिवाय नोकरीसाठी शहरात गेलेल्यांनाही निरोप कळतो. या कारणांत तथ्य आहे, तरीही माझा या बदलाला विरोध आहे. चर्चमधील बातमी सर्वांच्या देखत आणि सर्वांच्या कानांवर पडेल अशी वाचली जाणे हा धर्मग्रामाच्या सामूहिक जीवनाचा भाग आहे, त्यामुळे मोबाइल तिच्या जोडीला असावा, तिच्या जागी येऊ नये.

ही प्रथा आपल्या पहिल्या मंडळ्यांइतकी जुनी आहे. बायबलमधील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस प्रेषित पौल, हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवावे, अशी प्रभूची शपथ घालतो. कलस्सैकरांना तो सांगतो की, तुमच्यात वाचून झाल्यावर हे पत्र लवदिकीयाच्या मंडळीतही वाचले जावे. या पत्रांत जशी शिकवण आहे तशाच साध्या बातम्याही आहेत. फिलिप्पैकरांस पत्रातला एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचेपर्यंत आजारी पडला होता. आपल्या आजाराची बातमी फिलिप्पैमध्ये कळली आहे हे समजल्यावर तो स्वतःच अस्वस्थ झाला, म्हणून पौल त्याला लवकर परत पाठवतो, आणि हे सारे जमलेल्या मंडळीला उद्देशून लिहिलेल्या पत्रात नावानिशी सांगतो. एका माणसाचे दुखणे साऱ्या मंडळीचे होते, ते असे उघडपणे सांगितल्यामुळे.

विवाहाच्या पूर्वघोषणेचे उदाहरणही बोलके आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ही घोषणा सर्वत्र लागू केली आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती ओळीने तीन सणवारी, मिस्सेच्या वेळी, चर्चमध्ये व्हावी असे ठरवले. चोरून होणारे विवाह थांबावेत, आणि आधीचा विवाह, जवळचे नाते किंवा अन्य अडथळा कोणाला ठाऊक असेल तर त्याने तो वेळीच सांगावा, हा त्यामागचा हेतू होता. ज्याला माहिती आहे तो माणूस कोण, हे आधी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून घोषणा सर्वांपुढेच व्हावी लागते. मोबाइलच्या गटात कोणाला घ्यायचे हे गट चालवणारा ठरवतो; चर्चच्या दारातून आत येणाऱ्याला मात्र बातमी ऐकण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

दूरची घंटा

मुद्दे विचारपूर्वक मांडले आहेत, पण त्यांचा पाया मला मान्य नाही. "दारातून आत येणारा प्रत्येक जण ऐकतो" हे खरे. मात्र जो येऊच शकत नाही त्याचे काय? अंथरुणाला खिळलेली आई, तिच्या उशाशी बसलेली मुलगी, रविवारी पाळीवर असलेली परिचारिका, परगावी खोली घेऊन राहणारा तरुण, हे सगळे याच धर्मग्रामाचे घटक आहेत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत असल्याची तक्रार आली. तेव्हा प्रेषितांनी जुन्या पद्धतीचे समर्थन केले नाही. सात जण निवडून नवी व्यवस्था लावली. बातमीही वाटपच आहे, आणि तिचा वाटा ज्यांना मिळत नाही त्यांच्या बाजूने आपण विचार केला पाहिजे.

दुसरे असे की, १९१७ ची कॅनन कायद्याची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याची, संहिता धर्मग्रामाकडे धर्मप्रांताचा (बिशपांच्या अधिकारक्षेत्राचा) एक भूभाग म्हणून पाहत असे. १९८३ च्या संहितेतील ५१५ वे कलम मात्र धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा स्थायी समुदाय असे सांगते. जुलै २०२० मध्ये व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक विभागाने प्रसिद्ध केलेल्या निर्देशातही, लोकांचे वाढते स्थलांतर आणि बदललेली संपर्कसाधने पाहता हद्द ही आता केवळ भौगोलिक गोष्ट राहिली नसल्याचा विचार आहे. मग आपण बातमी चार भिंतींत अडकवून का ठेवावी?

आणि उपासनेचा नियमही पाहावा. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण निर्देशांतील ९० वे कलम समारोपविधीत सूचनांना जागा देते खरे, पण त्या आवश्यक असतील तर आणि थोडक्यात. प्रत्यक्षात कम्युनियननंतरच्या (पवित्र भाकर ग्रहण केल्यानंतरच्या) प्रार्थनेची शांतता सरते न सरते तोच साफसफाईच्या पाळ्या, बैठकांच्या वेळा, हरवलेल्या छत्र्या आणि वर्गणीची आठवण असे सारे एकामागून एक वाचले जाते. एकाच धर्मगुरूकडे अनेक गावांची जबाबदारी असेल तर त्यांना पुढच्या मिस्सेसाठी निघायचे असते. घाईत वाचलेली बातमी लोकांपर्यंत पोहोचली असे समजणे धाडसाचे आहे.

नोंदवही

आपण दोघेही बातमी कोठून द्यावी यावर बोलत आहात. माझ्या मते त्याआधी, कोणाची बातमी आणि कोणाच्या संमतीने, हे विचारले पाहिजे.

आजाऱ्यांची यादी घ्या. धर्मग्रामाच्या जीवनात इतकी कळकळीची आणि इतक्या सहज दुखावणारी दुसरी गोष्ट नसेल. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे की, तुमच्यापैकी कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे. बोलावणे आजाऱ्याने करायचे आहे, हा क्रम लक्षात घ्यावा. मंडळीने परस्पर त्याच्या दुखण्याची घोषणा करावी, असे तेथे म्हटलेले नाही. १९८३ च्या संहितेचे २२० वे कलमही प्रत्येकाच्या लौकिकाला आणि खासगीपणाला धक्का लावू नये असे बजावते. मनाचा आजार, व्यसन, गर्भपात होऊन गेलेली स्त्री, निदानाची अजून वाट पाहणारा माणूस, यांपैकी कोणाच्याही बाबतीत सद्हेतूने उच्चारलेले एक नाव त्या घरावर वर्षानुवर्षे भार होऊन राहू शकते, विशेषतः जेथे सगळे एकमेकांना ओळखतात अशा लहान गावात.

या कसोटीवर मोबाइल मला अधिक धोक्याचा वाटतो. वेदीजवळ उच्चारलेले नाव त्या सभेपुरते असते, प्रार्थनेच्या संदर्भात असते आणि ऐकणारे समोर असतात. गटात टाकलेले नाव छायाचित्रासह पुढे पाठवले जाते. ज्यांनी त्या माणसासाठी कधी प्रार्थना केली नाही अशांच्या हाती जाते, आणि मागे घेता येत नाही. म्हणून माझी सूचना अशी आहे की, आजाऱ्याचे नाव त्याच्या किंवा असमर्थ असल्यास निकटच्या कुटुंबीयांच्या संमतीनेच वाचावे, आजाराचे नाव कधीही घेऊ नये, आणि यादी ठरावीक मुदतीने नव्याने करावी. बरा झालेला माणूस महिनोन्महिने यादीत राहतो, हेही त्याच्यावर अन्यायाचेच आहे.

शेजारधर्म

नोंदवही यांच्या मताचा मी आदर करते, पण प्रत्येक नावासाठी संमतीची अट कडकपणे लावली तर गावात उलटेच घडेल, अशी मला भीती वाटते. लहान गावात कोण रुग्णालयात आहे हे लपून राहत नाही. चर्चने मौन बाळगले तर बातमी थांबत नाही, फक्त तिच्यातली प्रार्थना गळून पडते आणि कुजबुज तेवढी उरते. शांतपणे, एकच वाक्य उच्चारून, "यांच्यासाठी प्रार्थना करूया" असे म्हटले तर तर्कवितर्क थांबतात आणि लोक घरी जाऊन विचारपूस करण्यास धजावतात. शिवाय ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे, असे एकटे राहणारे वृद्ध, कधीच कोणाला बोलावत नाहीत. त्यांना आपण ओझे होऊ असे वाटते. संहितेच्या ५२९ व्या कलमाने धर्मगुरूवर कुटुंबांना भेटण्याची, आजाऱ्यांची आणि एकाकी लोकांची विशेष आस्थेने काळजी घेण्याची जबाबदारी टाकली आहे. ज्याने बोलावले त्याच्याकडेच जायचे म्हटले, तर हे कलम निम्मेच पाळले जाईल.

नोंदवही

भेटीला जाण्यास माझा विरोध मुळीच नाही. धर्मगुरूने न बोलावताही जावे, शेजाऱ्यांनी तर जावेच, आणि त्या भेटीतच संमती विचारावी. विचारपूस करताना दोन शब्द जास्त बोलण्याने कोणाचे काही अडत नाही. गावाला आधीच ठाऊक आहे हे कारण मला पुरेसे वाटत नाही. गावाला ठाऊक असणे वेगळे आणि चर्चने अधिकृतपणे सांगणे वेगळे. घराने न सांगता चर्चने सांगितले तर त्या घराचा चर्चवरचा विश्वास जातो, आणि पुढच्या खेपेला ते दुखणे दाराआडच राहते.

हिशेबनीस

संमतीचा प्रश्न आला तसा पैशाचाही यायला हवा, कारण पुष्कळ धर्मग्रामांत खरी नाराजी तेथे असते. १९८३ च्या संहितेच्या ५३७ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे. ५३६ व्या कलमातील पाळकीय परिषद मात्र बिशपांना योग्य वाटल्यास स्थापन होते आणि तिचे मत सल्ल्यापुरते असते. १२८७ वे कलम असेही सांगते की, श्रद्धावंतांनी अर्पण केलेल्या संपत्तीचा हिशेब स्थानिक नियमांनुसार श्रद्धावंतांना दिला जावा. समिती आहे म्हणून हिशेब लोकांना न सांगता भागते, असा समज सोडला पाहिजे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या देणगीविषयी लिहितो, तेव्हा केवळ प्रभूच्या नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे चांगले ते करण्याची दक्षता आम्ही घेतो, असे सांगतो आणि त्यासाठी सोबत विश्वासू माणसे पाठवतो.

हिशेब ही मात्र वाचून दाखवण्याची गोष्ट नाही. आकडे कानांनी लक्षात राहत नाहीत, आणि मोबाइलवर ते इतर संदेशांखाली गाडले जातात. जमा, खर्च आणि शिल्लक यांचा कागद सूचनाफलकावर पुरेसा काळ लावावा, खाली समितीच्या सह्या असाव्यात, आणि मिस्सेत फक्त तो लावल्याची सूचना द्यावी.

देणगीदारांची नावे वाचू नयेत असे माझे ठाम मत आहे. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले वचन पुरेसे स्पष्ट आहे. नावांची यादी वाचली की रकमांची तुलना सुरू होते, आणि ज्याची ऐपत नाही तो पुढच्या वेळी चर्चला येण्याचे टाळतो.

शेजारधर्म

पण बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले, ही गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांत नावानिशी नोंदली आहे. चांगल्या कामाचे नाव घेतल्याने इतरांना उमेद येते. रक्कम वाचू नये, हे मान्य. पण छप्पर दुरुस्त करणाऱ्या हातांचे, दर आठवड्याला वेदी सजवणाऱ्या स्त्रियांचे आभार मानायचेच नाहीत, तर धर्मग्राम कृतघ्न होईल. विशेषतः स्त्रियांचे श्रम इतके गृहीत धरलेले असतात की वर्षातून एकदाही त्यांचे नाव घेतले जात नाही.

पुढचा बाक

श्रमांविषयीचे हे म्हणणे मला पूर्ण पटते. आता दूरची घंटा यांच्या आक्षेपांकडे वळतो. ९० व्या कलमातील "आवश्यक" आणि "थोडक्यात" या दोन्ही अटी मला मान्य आहेत, आणि त्याच माझ्या बाजूने बोलतात, कारण त्या अटींसह सूचनांची जागा उपासनेतच ठेवली आहे. साफसफाईच्या पाळ्या, बैठकांच्या वेळा आणि हरवलेल्या वस्तू फलकावर किंवा मोबाइलवर जाव्यात. मिस्सेत चारच गोष्टी राहाव्यात: मृत्यू, संमती असलेल्या आजाऱ्यांची नावे, विवाहाची पूर्वघोषणा, आणि एखाद्या घरावर कोसळलेली अशी अडचण जिच्यासाठी सर्वांचे हात लागणार आहेत. धर्मगुरूला निघण्याची घाई असेल तर हे वाचन पाळकीय परिषदेच्या सदस्याने करावे.

घरी पडून असलेल्यांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. त्यांना संदेश पाठवला की आपले कर्तव्य झाले, असे वाटू लागण्याची शक्यता मोठी आहे. कम्युनियन घेऊन जो त्यांच्याकडे जातो त्यानेच त्यांना गावची हकीकत सांगावी. त्यांना बातमीइतकीच ती सांगणाऱ्या माणसाचीही वाट पाहायची असते.

दूरची घंटा

चारच गोष्टी मिस्सेत ठेवण्यास माझी हरकत नाही, पण त्यांतल्या पहिल्याच गोष्टीवर आपली योजना अपुरी पडते. मृत्यूची बातमी रविवारपर्यंत थांबू शकत नाही. दफन त्याआधीच झालेले असते, आणि परगावी असलेला भाऊ किंवा जुना सोबती पोहोचायचा राहून जातो. घंटेचा आवाज गावाच्या वेशीपर्यंतच जातो. या एका बाबतीत मोबाइल जोडीला असून भागणार नाही, तोच आधी असला पाहिजे. आणि भेटीला जाणाऱ्या माणसाबद्दल म्हणाल, तर ज्या धर्मग्रामात असे स्वयंसेवक पुरेसे आहेत तेथे आपले म्हणणे चालेल. जेथे तरुण उरलेलेच नाहीत तेथे अंथरुणावरच्या माणसाला निदान संदेश तरी मिळू द्या.

पुढचा बाक

मृत्यूची बातमी मोबाइलवर तत्काळ जावी, हे मान्य. तरीही पुढच्या रविवारी ते नाव मिस्सेत घेतले जावे, दफन होऊन गेले असले तरी. भेटींबाबत मी माझ्या मतावर कायम आहे. स्वयंसेवक नाहीत, ही बाब पाळकीय परिषदेच्या पहिल्याच बैठकीत सर्वांत वर असायला हवी.

नोंदवही

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. मोबाइलवरील गट चालू ठेवायचाच असेल तर तो एका व्यक्तीच्या हाती नसावा. परिषदेने नेमलेल्या दोघांनीच त्यात सूचना टाकाव्यात, इतरांना तेथे लिहिण्याची मुभा नसावी, आणि आजाऱ्यांची यादी त्या गटात कधीही जाऊ नये. ती कागदावरच राहावी, आणि वाचन झाल्यावर तो कागद धर्मगुरूकडे परत द्यावा.