मधुमेहींच्या नाश्त्याला पोह्यांऐवजी अंडी: आपल्या सांगली-साताऱ्याच्या घरांत चालेल का?

विश्रामबागकर
शुगर निघाली की घरात आधी चहातली साखर बंद होते. सकाळचे पोहे आणि चारच्या चहाबरोबरचं भडंग मात्र तसंच चालू राहतं. माझं स्पष्ट मत आहे, मधुमेही माणसाच्या नाश्त्याला अंडी हवीत. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ३८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. एका अंड्यात एक ग्रॅमसुद्धा नाही, वर सहा ग्रॅम प्रथिनं. दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो.

आमच्याकडे होणारा सोपा प्रकार सांगतो. लोखंडी कढईत चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग चिरलेली मेथी. पाणी आटत आलं की भाजी बाजूला सारून दोन खळगे करायचे, त्यात अंडी फोडायची, मीठ भुरभुरायचं आणि वर झाकण. मंद आचेवर बलक घट्ट झाला की झालं. सोबत पोळी नाही, पाव नाही.

कोरेगावची लेक
दादा, मेथी-अंड्याला माझा विरोध नाही. "पोळी नाही, पाव नाही" याला आहे. आमचे अण्णा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेतात. कुणाचं तरी ऐकून त्यांनी सकाळची भाकरी सोडली, गोळी तेवढीच. रानात पाणी पाजायला गेले आणि तिथेच दरदरून घाम, हात लटपटायला लागले. घरी आणून मोजली तर साखर ७० च्या खाली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

ती गोळी, तुम्ही खा अगर खाऊ नका, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच, मग साखर फार खाली जाते. इन्सुलिन टोचणाऱ्यांनाही हाच धोका. नुसती मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी असेल तर तो फार कमी. सगळ्यांना एकच सल्ला कसा काय देता?

माळकरी, कराड
आमच्या घरात माळ आहे, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं? मुगाचं धिरडं, मोड आलेल्या मटकीची उसळ, पनीर, आपला वाघ्या घेवडा आहेच की. आणि बलकातल्या कोलेस्टेरॉलचं काय? मधुमेह्याला हृदयविकाराचा धोका मुळात जास्त.

विश्रामबागकर
माऊली, माळ असेल तिथे आग्रह नाहीच. मटकी-घेवड्यात कर्बोदकं आहेत, पण चोथाही भरपूर, साखर सावकाश चढते. पोह्यांपेक्षा केव्हाही बरं.
कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर एका अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम असतं. अमेरिकेच्या सरकारी आहार-शिफारशींत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती, ती २०१५ च्या आवृत्तीत निघाली.

माळकरी, कराड
आकडा निघाला, पण आहारातलं कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमी ठेवा असंही त्याच शिफारशींत होतं. अर्धंच सांगू नका. शिवाय रोज अंडी खाणाऱ्या मधुमेहींबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत.

मिरजेची सिस्टर
वॉर्डात रोज पाहते म्हणून लिहिते. ज्यांच्या लघवीतून प्रथिनं जातात किंवा रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी अंड्यांची संख्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. बाकीच्यांनी वाद घालण्यापेक्षा घरच्या ग्लुकोमीटरवर बघावं: एक दिवस पोहे, एक दिवस अंडी, दोन्ही वेळा खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजायचं. आणि गाड्यावरची बुर्जी यात धरू नका. तिथे बटर सढळ हाताने पडतं आणि दोन पाव आपोआप येतात.

कोरेगावची लेक
सिस्टर, मोजण्याचं पटलं. अण्णा आता दोन अंडी आणि अर्धी भाकरी खातात, डॉक्टरांनी गोळीही कमी केलीय. दादा, गोळीचा डोस विचारल्याशिवाय भाकरी बंद करू नका, एवढी ओळ तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये वरच घाला. कुणी तेवढंच वाचून उद्या सकाळी सुरू करेल.