गव्हाच्या संकरात आनुवंशिकता ६९ की ८७ टक्के?

खारघरकर
मंडळी, गव्हाच्या ६ पालकांचं अर्धं डायलेल आहे (प्रत्येक जोडीचा एकाच दिशेने एक संकर). १५ एफ-१ (संकराची पहिली पिढी) आणि पालक धरून २१ नोंदी, ३ रेप्लिकेशन (पुनरावृत्त्या), जागा निफाडजवळ, हंगाम एकच. प्रति झाड उत्पन्नाचा नोंदींचा एमएस (सरासरी वर्ग, म्हणजे फरकाचं माप) ६२, एररचा (योगायोगाच्या फरकाचा) ८. आनुवंशिकता (एकूण फरकातला जनुकांचा वाटा) हाताने ६९ टक्के येते, सॉफ्टवेअर ८७ दाखवतं. खरी कुठली? आणि एफ-२ (दुसऱ्या पिढी) मध्ये भरघोस झाडं थेट उचलली तर चालेल का?

ठाणे_पश्चिम
गणित दोन्हीकडे बरोबर आहे. जनुकीय विचरण, म्हणजे जनुकांमुळे पडणारा फरक, (६२−८)/३ = १८. एका प्लॉटच्या हिशेबाने १८/(१८+८) = ६९ टक्के. सॉफ्टवेअर ३ रेप्लिकेशनच्या सरासरीवर काढतं, १८/(१८+२.६७) = ८७. कुठलाही द्या, पण आधार लिहा.
खरी गोम वेगळी आहे. एकच जागा, एकच हंगाम, म्हणजे वाण-हवामान आंतरक्रिया (वाण हवामानानुसार वेगळं वागणं) त्या १८ मध्येच दडलेली. दुसरं वर्ष धरलंत की आकडा बहुतेक उतरेलच. त्यात ही व्यापक अर्थाची आनुवंशिकता, प्रभावी जनुकांचा वाटाही आत. एफ-१ मधला त्या जनुकांमुळे आलेला जोर एफ-२ मध्ये निम्म्यावर येतो. आधी जीसीए-एससीए (पालकाची सर्वसाधारण आणि ठरावीक जोडीची खास संकरक्षमता) पाहा.

घणसोली_ओंबी
एफ-२ चं एकेक झाड उत्पन्नावर उचलू नका. शेजारचं झाड मेलं की याला फुटवे जास्त फुटतात, ते जनुकांचं कर्तृत्व नव्हे. तिथे उंची, पक्वता, तांबेरा आणि हजार दाण्यांचं वजन बघा. तेही एकटं नको, दाणा टपोरा झाला की ओंबीतली संख्या घटते. उत्पन्नाची निवड एफ-४ नंतर, ओळींच्या प्लॉटवर.

खारघरकर
आणखी काही क्रॉस इथेच कुंडीत करायचे आहेत.

घणसोली_ओंबी
आपल्याकडे नवी मुंबईत जानेवारीतही दुपारी तापमान ३० अंशांच्या वर जातं, फुटवे कमी येतात आणि ओंबी लवकर निसवते. म्हणून ओंबी पोटरीतून डोकावताच हात घाला. वरची-खालची कणिशकं (ओंबीतले फुलांचे छोटे गुच्छ) छाटा, उरलेल्या प्रत्येक कणिशकात कडेची दोनच फुलं ठेवा, मधली चिमट्याने उपटा. फुलात परागकोष (पराग तयार करणारे भाग) तीन असतात, एक राहिला तरी स्वपरागण. ते हिरवे असतानाच काढा. पिवळे दिसले तर ती ओंबी सोडून द्या. बटरपेपरची पिशवी घाला, दोनेक दिवसांनी कुक्षी (पराग झेलणारं टोक) पिसासारखी पसरली की सकाळी परागण करा. पराग अर्ध्या तासात निकामी होतात, तेव्हा नराची ओंबी तोडून आणून ठेवू नका, लगेच वापरा.

ठाणे_पश्चिम
एक ओंबी विपुंसक करून (परागकोष काढून) परागण न करता पिशवीतच ठेवा. तिच्यात दाणे भरले तर तुमच्या 'एफ-१' मध्ये आईचंच बी मिसळलंय, आणि मग एससीएचे आकडे काढूच नका.