ट्रॅकची पट्टी आधी बघा

क्लॅरिनेट नव्यानं शिकताना ट्रॅकबरोबर, म्हणजे गाण्याच्या रेकॉर्डिंगबरोबर, वाजवायला कोणतं गाणं निवडावं? "कमी सुरांची चाल असली की गाणं सोपं" असं म्हणतात ते खरं, पण क्लॅरिनेटला तेवढ्यानं भागत नाही. नेहमीचं वाद्य बी फ्लॅटचं, म्हणजे त्यावर सी वाजवला की काळी पाच ऐकू येते. म्हणून ट्रॅकबरोबर वाजवताना सगळं एक पूर्ण स्वर वर लिहावं लागतं. बेन ई. किंगचं 'स्टँड बाय मी' (1961) मूळ ए मेजर पट्टीत आहे. चाल अगदी साधी, पण क्लॅरिनेटवाल्याच्या वाट्याला बी मेजर, पाच शार्प (अर्धा स्वर चढवलेले सूर)! गिटारवर बसवलेली ई आणि ए मधली बरीच गाणी अशीच अडवतात. पिच बदलणाऱ्या ॲपमध्ये ट्रॅक फक्त अर्धा स्वर चढवा: ए चं बी फ्लॅट होतं आणि तुम्ही सरळ सी मेजरमध्ये वाजवता. ई चं एफ होतं, मग तुम्हाला जी मेजर, एकच शार्प. बीटल्सचं 'हे ज्यूड' मुळातच एफ मध्ये आहे, ते चढवायची गरज नाही.

मग चाल खालच्या ई पासून मधल्या बी फ्लॅटपर्यंतच्या दीड सप्तकात बसते का ते पाहा. त्यापुढच्या बी ला जवळजवळ मोकळ्या बोटांवरून एकदम सगळी भोकं बंद करावी लागतात, आणि उजव्या हाताचं एक बोट जरी तिरकं पडलं तरी किंचाळी निघते. तो बी टाळता येत नसेल, तर आधीच्या ए, बी फ्लॅटलाच उजवा हात भोकांवर ठेवून द्या. सुरात फारसा फरक पडत नाही आणि हलवायला फक्त डावा हात उरतो.