कोणता सुपरहिरो तुम्हाला सिनेमापेक्षा मालिकेत जास्त भावला? अनुभव लिहा

परवा भाचीबरोबर २००३चा डेअरडेव्हिल सिनेमा पाहिला, बेन अ‍ॅफ्लेकवाला. तिला काही खास वाटला नाही, मग २०१५ची मालिका लावली तर पोरगी रात्री दोनपर्यंत जागची हलली नाही. दुसऱ्या भागात तो अरुंद पॅसेजमधला मारामारीचा सीन आहे ना, सलग एका शॉटसारखा चालतो तो, त्यात मॅट (म्हणजे डेअरडेव्हिलच) आधीच जखमी, दोघांना पाडतो नि भिंतीला टेकून धापा टाकतो, पाडलेले परत उठतात, हाही परत उठतो, नि सगळं कशासाठी तर पळवून नेलेल्या एका लहान मुलासाठी. "मामा, हा दमतो रे!" म्हणाली. खरंच, काही हिरोंना दोन तास पुरतच नाहीत. तुम्हाला असं कुणाबद्दल वाटलं? कार्टूनही चालेल.

——

हिरो नाही, पण मला डेअरडेव्हिल मालिकेतला खलनायक किंगपिन. आधी नुसता आवाज, लोक त्याचं नाव घ्यायलाही घाबरतात, नि तिसऱ्या भागाच्या शेवटी दिसतो तर एका पांढऱ्याफटक चित्रासमोर एकटाच उभा. ते चित्र म्हणजे काय हे आठव्या भागात कळतं, लहानपणी बाप ज्या भिंतीकडे बघत बसवायचा ती भिंत! बाबा आजारी होते तेव्हा रात्री त्यांच्याजवळ जागताना रोज एक भाग बघायचो, त्या भिंतीच्या भागानंतर पुढचा लावलाच नाही त्या रात्री.

——

फ्लॅश!! २०१४ला सुरू झाली तेव्हा अकरावीत होतो, २०२३ला नववा सीझन संपला तेव्हा नोकरीला लागून चार वर्षं झालेली. त्याच वर्षी सिनेमाही आला, पाहिला, पण माझा बॅरी, म्हणजे फ्लॅश, मालिकेतला ग्रँट गस्टिनच.

——

मी जर्सी सिटीत राहते, मिस मार्व्हलमधली हिरॉइन कमला खान आमच्याच गावची म्हणून ती मालिका (२०२२) लेकीसोबत बघायला घेतली. पहिल्याच भागात तिचे अब्बू अंगाला हिरवा रंग फासून हल्क बनून येतात, लेकीसोबत कार्यक्रमाला जायला, नि तिला ते नको असतं, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नाही हो. माझी लेक हळूच बाबाच्या मांडीवर जाऊन बसली. पुढे फाळणी, कराचीची ट्रेन, आजी-पणजीची गोष्ट, सहा भाग होते म्हणून एवढं मावलं. नंतरच्या द मार्व्हल्स सिनेमात तिच्या घरचे आहेत पण तेवढ्यापुरतेच, मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

——

वेळ जास्त मिळाला म्हणून जमतं हे मला पूर्ण पटत नाही. बॅटमॅनची १९९२ची कार्टून मालिका घ्या, तिच्यातला मिस्टर फ्रीझ या खलनायकाचा भाग जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा. आजारी बायको नोराला वाचवायला धडपडणारा शास्त्रज्ञ, ही त्याची गोष्ट त्या भागातूनच आली, कॉमिक्सनी ती नंतर उचलली. १९९७च्या सिनेमात नोरा आहे, पण फ्रीझ झालेल्या अर्नोल्डच्या बर्फावरच्या कोट्यांखाली गाडली गेलीय. मला वाटतं मालिकेत एखादा अख्खा भाग एकाच दुःखी माणसाला देऊन टाकता येतो, बॅटमॅनला बाजूला उभं करून, सिनेमाला ते परवडत नाही. शाळेतून आल्यावर दप्तर न काढता बघितलेला भाग आहे तो, शेवटी कोठडीत बसून छोट्या काचेच्या गोळ्यातल्या नोराशी बोलतो ते अजून डोळ्यांसमोर आहे.